वारेत दडलेला हिवताप

बाळ बाहेर आलं की थोड्या वेळाने वार पडते. तिचं काम संपलेलं असतं, म्हणून बहुतेक ठिकाणी ती पुरून टाकतात. पश्चिम आफ्रिकेतल्या गाम्बिया या देशात इयन मॅकग्रेगर या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा हजारांहून अधिक बाळंतिणींची वार तपासली. पद्धत साधी होती. आईच्या बाजूने वारेला चीर द्यायची, आतल्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरायचा, वाळला की रंगद्रव्यात बुडवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. हिवताप असेल तर तांबड्या पेशींच्या आत जंतूंची निळसर-जांभळी वर्तुळं दिसतात आणि त्यांच्या आसपास तपकिरी-काळे कण. हिमोग्लोबिन खाऊन झाल्यावर जंतू जे मागे टाकतो, ते हे कण.

१९८३ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. दर पाच बाळंतिणींमागे एकीच्या वारेत हिवतापाचे जंतू सापडले होते. ज्यांच्या वारेत जंतू होते त्यांची बाळं वजनाने कमी भरली, आणि हा फटका सर्वांत जास्त बसला तो पहिलटकरणींना. हिवताप इतका मुरलेल्या भागातली गरोदर बाई बऱ्याचदा तापाने फणफणत नाही. तिला थंडी वाजत नाही, ती शेतावर जाते, पाणी भरते, स्वयंपाक करते. बोटातून रक्त घेऊन तपासलं तरी पुष्कळदा जंतू दिसत नाही. पोटात मात्र, बाळाला जिथून अन्न आणि प्राणवायू मिळतो नेमक्या त्याच जागी, तो ठाण मांडून बसलेला असतो.

हा लपंडाव कसा चालतो, ते समजून घेण्यासारखं आहे. हिवतापाच्या जंतूंमधला सर्वांत घातक प्रकार म्हणजे फाल्सिपॅरम. तो तांबड्या पेशीत शिरला की तिचा पृष्ठभाग बदलून टाकतो. पेशीवर बारीक उंचवटे येतात, आणि त्यांच्यावर चिकटून राहायला मदत करणारी प्रथिनं. अशी पेशी रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला धरून राहते. रक्ताबरोबर वाहत राहिली असती तर प्लीहेत पोचली असती, आणि बिघडलेल्या पेशी गाळून काढणं हेच प्लीहेचं काम. चिकटून बसलं की ती चाळणी चुकवता येते. जंतूकडे या चिकट प्रथिनांचे साठेक नमुने असतात आणि तो ते आलटून पालटून वापरतो. हिवतापाच्या प्रदेशात वाढणारं मूल लहानपणापासून एकेका नमुन्याशी झुंजतं. जे त्यातून वाचतं, त्याच्या रक्तात मोठं होईपर्यंत बहुतेक नमुन्यांविरुद्धची प्रतिद्रव्यं तयार झालेली असतात. म्हणून तिथल्या मोठ्या माणसांना हिवताप झाला तरी सहसा जिवावर बेतत नाही.

मग वीस वर्षांची, धडधाकट, लहानपणचे सगळे हल्ले पचवलेली बाई पहिल्यांदा गरोदर राहते आणि अचानक दुबळी का पडते? गरोदरपणात रोगप्रतिकारशक्ती एकूणच मंदावते, असं उत्तर बरीच वर्षं दिलं जायचं. पण तेवढ्यावर भागत नव्हतं. शक्ती मंदावण्याचाच प्रश्न असता, तर तिसऱ्या-चौथ्या खेपेलाही तितकाच त्रास व्हायला हवा होता, आणि तसं होताना दिसत नव्हतं. १९९६ मध्ये मिशेल फ्रीड आणि पॅट्रिक डफी यांनी केनियातल्या बाळंतिणींच्या वारेतून जंतू गोळा करून याचा उलगडा केला. वारेच्या पृष्ठभागावर काँड्रॉइटिन सल्फेट ए नावाचा साखरेच्या साखळीसारखा एक पदार्थ असतो. वारेतले जंतू नेमके त्याला चिकटत होते. शरीरात इतरत्र सापडणारे जंतू तसं करत नव्हते. त्यासाठी लागणारं प्रथिन पुढे काही वर्षांत सापडलं. जंतूच्या साठ नमुन्यांपैकी हा एक असा, की ज्याला धरायला जागा फक्त गरोदर बाईच्या शरीरात मिळते.

वारच नसेल तर हा नमुना शरीरात टिकत नाही, त्यामुळे त्याच्याविरुद्ध प्रतिद्रव्यंही बनत नाहीत. पुरुषांच्या रक्तात ती सहसा नसतात. पहिलटकरणीच्या रक्तातही नसतात. पहिल्या गरोदरपणात जंतू मोकाट वाढतो, शरीर त्याची ओळख करून घेतं, दुसऱ्या खेपेला थोडं बळ येतं, तिसऱ्या खेपेला आणखी. पहिल्या बाळाने सोसायचं आणि पुढच्यांनी त्याचा लाभ घ्यायचा, असा हा क्रूर हिशेब आहे.

बाळाने सोसायचं म्हणजे काय? वारेत जंतू साचले की त्यांच्यामागे आईच्या पांढऱ्या पेशी गर्दी करतात. बाळाला पोषण पोचवणाऱ्या बारीक झालरींच्या मधल्या जागा या गर्दीने भरून जातात, सूज येते आणि अन्न व प्राणवायूची देवाणघेवाण मंदावते. बाळ पोटातच खुरटतं किंवा दिवस भरण्याआधी जन्मतं. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ जन्मल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात किती नाजूक असतं, हे कुठल्याही अंगणवाडीताईला विचारावं. इकडे आईच्या तांबड्या पेशी फुटत राहतात आणि रक्त कमी होत जातं. ज्या बाईच्या अंगात आधीच रक्त कमी आहे, तिला बाळंतपणात जरा जास्त रक्तस्राव झाला तरी तो झेपत नाही. तिच्या मृत्यूची नोंद रक्तस्रावाच्या खाली होते. हिवतापाचं नाव त्या कागदावर कुठेच येत नाही.

डासही गरोदर बायांनाच जास्त शोधतात. गाम्बियात एका चमूने गरोदर आणि गरोदर नसलेल्या बायांना एकसारख्या झोपड्यांमध्ये मच्छरदाणीत झोपवून रोज सकाळी प्रत्येक झोपडीतले डास मोजले. गरोदर बायांकडे हिवताप पसरवणारे ॲनॉफिलिस डास दुप्पट आले होते. कारणं शोधल्यावर दिसलं की शेवटच्या महिन्यांत बाई जास्त हवा उच्छ्वासातून सोडते, आणि तिच्या पोटाची त्वचा साधारण पाऊण अंशाने अधिक गरम असते. डास श्वासातल्या वायूचा आणि उबेचा माग काढतच येतात. शिवाय लघवीसाठी तिला रात्री दुप्पट वेळा उठावं लागतं, म्हणजे तितक्या वेळा मच्छरदाणीबाहेर यावं लागतं. २००० साली छापलेला हा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो. पोटात बाळ असलेल्या बाईला नुसतं ‘मच्छरदाणीत झोपत जा’ असं सांगून हात झटकणाऱ्यांनी तिच्या रात्रीचा विचारच केलेला नसतो.

गाम्बिया हा आफ्रिका खंडाच्या मुख्य भूमीवरचा सर्वांत छोटा देश. एका नदीच्या दोन्ही तीरांवर पसरलेली चिंचोळी पट्टी, तीन बाजूंनी सेनेगल, चौथ्या बाजूला समुद्र. पाऊस साधारण जून ते ऑक्टोबर. पावसाच्या शेवटी आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत हिवतापाचा कडेलोट होतो, उरलेलं वर्ष तुलनेने शांत जातं. इथे १९८० मध्ये ब्रायन ग्रीनवुड हे डॉक्टर ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळेचे प्रमुख म्हणून आले. १९३८ साली मँचेस्टरमध्ये जन्मलेले ग्रीनवुड त्याआधी १५ वर्षं नायजेरियात होते. इबादानच्या रुग्णालयात काम करताना संधिवातासारखे, शरीराने स्वतःवरच उलटण्याचे आजार तिथे फार कमी आढळतात, हे त्यांनी टिपलं होतं आणि त्याचा संबंध हिवतापाशी असावा असा अंदाज मांडला होता. पुढे झारिया इथे मेंदूच्या आवरणाच्या तापाच्या साथींवर त्यांनी काम केलं. म्हणजे गाम्बियात आले तेव्हा ते प्रयोगशाळेत मुरलेले संशोधक होते. पण तिथे त्यांनी पहिलं मोठं काम हाती घेतलं ते प्रयोगशाळेबाहेरचं होतं. कोण जन्मलं आणि कोण मेलं याची नोंद.

नदीच्या उत्तर तीरावर फराफेनी नावाचं गाव आहे. त्याच्या आसपासच्या खेड्यांत घरोघरी जाऊन माणसांची मोजदाद झाली, जन्म-मृत्यूच्या नोंदी सुरू झाल्या. मूल दगावलं की प्रशिक्षित कार्यकर्ता घरी जायचा आणि आईला विचारायचा, ताप किती दिवस होता, झटके आले होते का, श्वास लागला होता का, जुलाब होते का. त्या उत्तरांवरून डॉक्टर मृत्यूचं कारण ठरवायचे. बहुतेक मुलं घरीच दगावली होती, त्यामुळे दवाखान्याच्या वहीत त्यांचा पत्ताच नव्हता. १९८७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एक ते चार वर्षांच्या मुलांमधले सुमारे एक-चतुर्थांश मृत्यू हिवतापाचे निघाले. त्याच वर्षी ॲलिस ग्रीनवुड आणि सहकाऱ्यांनी त्याच भागातल्या गरोदर बायांचा वर्षभराचा अभ्यास छापला. दर हजार जन्मांमागे वीसहून जास्त आया मरत होत्या. आजच्या भारतात हा आकडा हजारी एकाच्या आसपास आहे. फराफेनीजवळ नदी ओलांडायला तेव्हा फेरीबोट होती, पूल झाला तो २०१९ मध्ये. अडलेल्या बाईला घेऊन बोटीची वाट पाहणाऱ्या घराची कल्पना करून पाहावी.

वरवर कोरड्या वाटणाऱ्या या मोजणीला मी सर्वांत वरचं स्थान देईन. जे मृत्यू कुठल्याच वहीत नाहीत, त्यांच्यासाठी कुणी औषध पाठवत नाही.

नोंदी हातात आल्यावर पुढचा प्रश्न आला. गावात डॉक्टर नाही, येण्याची शक्यताही नाही, मग औषध कोण देणार? गाम्बियाने त्याच सुमारास प्राथमिक आरोग्य सेवेची योजना सुरू केली होती. मोठ्या खेड्यात गावातलाच एक आरोग्य कार्यकर्ता आणि एक सुईण यांना प्रशिक्षण द्यायचं, अशी ती योजना. ग्रीनवुड यांच्या चमूने तिचाच आधार घेतला. काही गावांत कार्यकर्त्याकडे तापावर द्यायचं क्लोरोक्विन ठेवलं. काही गावांत त्याच्या जोडीला, ताप असो वा नसो, पावसाळ्यात लहान मुलांना मॅलोप्रिम या औषधाच्या प्रतिबंधक गोळ्या नियमित दिल्या. १९८८ मध्ये निकाल छापून आला. नुसतं तापावरचं औषध गावात ठेवल्याने मुलांचे मृत्यू लक्षणीय घटले नाहीत. प्रतिबंधक गोळ्या दिलेल्या गावांत घटले.

असं का व्हावं? फाल्सिपॅरमचा हिवताप लहान मुलाला एक-दोन दिवसांत गाठतो. पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात आई दिवसभर शेतात. संध्याकाळी घरी येते तेव्हा मूल तापलेलं. उद्या सकाळी बघू म्हणते, आणि सकाळ होते तेव्हा फार उशीर झालेला असतो. ती निष्काळजी नसते. आजाराचा वेगच तिच्या दिवसाच्या घडीपेक्षा जास्त असतो. म्हणून औषध आजाराच्या आधी पोचायला हवं.

गरोदर बायांसाठी हेच काम सुईणींवर सोपवलं. ज्यांना अक्षरओळख नव्हती, ज्यांनी आयुष्यभर गावातली बाळंतपणं केली होती, त्या बायांनी गरोदर शेजारणींना मॅलोप्रिमच्या गोळ्या ठरावीक दिवशी दिल्या. १९८९ मध्ये त्याचा निष्कर्ष आला. पहिलटकरणींमध्ये हिवताप घटला, रक्त वाढलं आणि त्यांची बाळं अधिक वजनदार जन्मली. पुढच्या खेपांच्या बायांमध्ये फरक थोडा होता. म्हणजे मॅकग्रेगर यांना काचपट्टीवर जे दिसलं होतं, तेच सुईणींच्या गोळ्यांनी दुसऱ्या बाजूने सिद्ध केलं, आणि तेही वारेतल्या चिकटण्याचा उलगडा होण्याच्या सात वर्षं आधी. या सुईणींची नावं शोधनिबंधावर नाहीत. त्यांच्या हातांशिवाय तो निबंध झाला नसता.

मच्छरदाणीची गोष्ट गाम्बियाच्या बाहेर जास्त गाजली. गाम्बियातल्या खेड्यांत मच्छरदाणी नवी नव्हती. पुष्कळ घरांत ती आधीपासून वापरात होती, पण फाटकी किंवा नीट न खोचलेली असली की डास आत शिरायचेच, आणि अंग जाळीला टेकलं की बाहेरूनही चावायचे. तीच मच्छरदाणी परमेथ्रिन या कीटकनाशकात बुडवली तर? मापाने पाणी घ्यायचं, त्यात औषध मिसळायचं, मच्छरदाणी त्यात दाबून भिजवायची, पिळायची आणि पसरून वाळवायची. हे सगळं गावकऱ्यांनीच केलं. पेद्रो अलोन्सो, ग्रीनवुड आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल छापला. औषध लावलेल्या मच्छरदाण्यांच्या गावांत एक ते चार वर्षांच्या मुलांचे एकूण मृत्यू ६३ टक्क्यांनी कमी झाले होते. फक्त हिवतापाचे नव्हे, सर्व कारणांचे मिळून. इतका मोठा फरक पाहून अनेकांचा विश्वास बसेना. पुढे इतर देशांत मोठे प्रयोग झाले. त्यांत आकडा लहान निघाला, पण दिशा तीच राहिली. आज जगभर वाटल्या जाणाऱ्या औषधभारित मच्छरदाण्यांच्या मुळाशी ही गाम्बियातली खेडी आहेत.

गाम्बिया सरकारने १९९२ मध्ये हा कार्यक्रम देशभर नेला. पहिल्या वर्षी औषध फुकट होतं, आणि मुलांचे मृत्यू सुमारे एक-चतुर्थांशाने घटले. पुढच्या वर्षी औषधाला थोडे पैसे लावले आणि मच्छरदाणी बुडवणाऱ्यांचं प्रमाण धाडकन कोसळलं. लोकांना महत्त्व कळलं नव्हतं, असं म्हणता येत नाही. त्यांनी वर्षभर वापर करून पाहिला होता. पण पावसाळा म्हणजे जुनं धान्य संपत आलेलं, नवं अजून शेतात, हातात रोकड नाही. हिवताप नेमका त्याच महिन्यांत येतो. ‘फुकट दिलं की किंमत राहत नाही’ हे वाक्य आपल्याकडच्या बैठकांमध्येही ऐकू येतं. त्याला गाम्बियाने मुलांच्या जिवाचं मोल देऊन उत्तर दिलेलं आहे, आणि ते उत्तर विसरायचा आपल्याला अधिकार नाही.

याच वर्षांत आपल्याकडे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने स्वतंत्रपणे तीच वाट धरली होती. तिथेही आधी गावोगावच्या जन्म-मृत्यूंची नोंद झाली, तिथेही मुलं घरीच मरत होती, आणि तिथेही गावातल्याच बायांना शिकवून नवजात बाळाची काळजी घरी पोचवली गेली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. गडचिरोली हा महाराष्ट्रातला हिवतापाचाही मुख्य जिल्हा. मात्र मध्य भारतातल्या हिवतापाची तऱ्हा गाम्बियापेक्षा वेगळी आहे. इथे तो तितका सततचा नाही, शिवाय व्हायवॅक्स हा दुसरा प्रकारही जोडीला असतो. त्यामुळे मोठ्या माणसांच्या अंगी तेवढी प्रतिकारशक्ती मुरत नाही. जबलपूरच्या डॉ. नीरू सिंग यांनी मध्य प्रदेशात केलेल्या कामातून दिसलं की इथली गरोदर बाई लक्षणांशिवाय राहत नाही. ती आजारी पडते, आणि फाल्सिपॅरम असेल तर मेंदूचा हिवताप होऊन जिवाला धोका होतो. म्हणून भारतात भर आहे तो ताप आलेल्या गरोदर मातेचं रक्त लगेच तपासून लगेच उपचार करण्यावर. आफ्रिकेतलं प्रतिबंधक गोळ्यांचं धोरण इथे जसंच्या तसं आणून चालत नाही.

आफ्रिकेत त्या धोरणाला आकार आला मलावीत. रोज किंवा दर पंधरवड्याला गोळी घेणं बायांना झेपत नव्हतं आणि क्लोरोक्विन निकामी होत चाललं होतं. तेव्हा सल्फाडॉक्सिन आणि पायरिमेथामिन यांच्या जोडगोळीचा, म्हणजे एसपीचा, पूर्ण डोस गरोदरपणात मोजक्या वेळी द्यावा, असा विचार पुढे आला. तीन गोळ्या, एकदम, परिचारिकेसमोर. असलेले जंतू त्याने मरतात आणि नंतर काही आठवडे नवे धरत नाहीत. १९९३ मध्ये मलावीने हे राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारलं, असं करणारा तो पहिला देश. २०१२ पासून जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं असं आहे की चौथा महिना लागल्यापासून गरोदर तपासणीच्या प्रत्येक भेटीत, दोन डोसांत किमान महिन्याचं अंतर ठेवून, एसपी द्यावं, आणि बाळंतपणापर्यंत निदान तीन डोस व्हावेत.

कागदावर हे सोपं दिसतं. २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या हिवतापग्रस्त देशांत सुमारे १ कोटी २४ लाख गरोदर बायांना हिवतापाचा संसर्ग झाला असा अंदाज आहे, आणि तीन डोस मिळण्याचं प्रमाण सुमारे ४४ टक्के होतं. दोन पैशांची वाटावी इतकी स्वस्त, दशकानुदशकं माहीत असलेली गोळी निम्म्याहून अधिक जणींपर्यंत पुरती पोचत नाही. यामागे एकच कारण नाही. बाई पहिल्या तपासणीलाच पाचव्या-सहाव्या महिन्यात येते. पहिले काही महिने दिवस गेल्याचं बाहेर सांगायचं नाही, दृष्ट लागते, हा संकोच तिकडेही आहे आणि आपल्याकडेही. केंद्र दूर, रांग मोठी. कधी साठा संपलेला, कधी पिण्याचं पाणी नाही, कधी भांडं नाही, म्हणून गोळी हातात देऊन घरी पाठवतात आणि ती तशीच राहते. काही ठिकाणी रक्तवाढीसाठी फॉलिक ॲसिडची पाच मिलिग्रॅमची मोठी गोळी दिली जाते. एसपी जंतूची फोलेट बनवण्याची वाटच अडवतं, त्यामुळे इतकं फॉलिक ॲसिड पोटात गेलं की औषधाचा जोर मोडतो. ०.४ मिलिग्रॅमची छोटी गोळी द्यावी, असं यासाठीच सांगितलेलं आहे. दोन्ही गोळ्या भल्याच्या, दोन्ही एकाच खिडकीतून मिळतात, आणि एक दुसरीला हरवते.

आता एसपीलाही जंतू सरावला आहे. पूर्व आफ्रिकेत तर फारच. म्हणून दुसरं, अधिक ताकदीचं औषध गरोदर बायांना देऊन पाहिलं गेलं. त्याने हिवताप एसपीपेक्षा कितीतरी जास्त रोखला. पण बाळांचं वजन काही एसपीपेक्षा सुधारलं नाही. हिवताप कमी, तरी वजन जास्त नाही, हे कोडं मोठं मजेशीर आहे. एसपीतला सल्फाचा भाग इतर जंतुसंसर्गांवरही काम करत असावा आणि बाळाला त्याचा फायदा होत असावा, या दिशेने संशोधक विचार करत आहेत. तोवर जुनी गोळी हातातून सोडता येत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत ग्रीनवुड यांचा जुना पावसाळी प्रयोग बऱ्याच वर्षांनी नव्या रूपात परत आला. मधल्या काळात तो मागे पडण्याची कारणं होती. सतत औषध दिलं तर मुलांची नैसर्गिक प्रतिकारशक्ती घडणार नाही आणि जंतू औषधाला दाद देईनासा होईल, ही भीती खोटी नव्हती. मग मलावीतल्या गरोदर बायांसाठी वापरलेलाच विचार इथे लावला. रोजची गोळी नको, फक्त जोखमीच्या महिन्यांत महिन्यातून एकदा पूर्ण उपचाराचा डोस. २००६ मध्ये सेनेगलमधल्या प्रयोगात पावसाळ्यातला हिवताप ८६ टक्क्यांनी घटला. १९९६ पासून लंडनच्या स्वच्छता व उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यापीठात असलेले ग्रीनवुड या कामातही होते. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सहाराच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यासाठी हे धोरण मान्य केलं.

प्रत्यक्षात ते असं चालतं. पावसाळ्यात महिन्यातून एकदा दोन कार्यकर्ते दारात येतात. पाच वर्षांखालच्या मुलाला ताप आहे का ते विचारतात, ताप असेल तर गोळी न देता तपासणीला पाठवतात. ताप नसेल तर विरघळणाऱ्या गोळ्या कपभर पाण्यात ढवळून आईच्या हाती देतात. आई मुलाला पाजते आणि अर्धा तास वाट पाहतात, कारण उलटी झाली तर डोस पुन्हा द्यावा लागतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीची गोळी आईकडे ठेवून कार्डावर खूण करतात. पहिल्या काळातल्या गोळ्या इतक्या कडू होत्या की मुलं थुंकून टाकायची. गोड, विरघळणारी गोळी बनवणं हा संशोधनाचा केवढा मोठा भाग होता, हे आईला विचारलं तर ती सांगेल. २०२३ मध्ये सरासरी ५ कोटी ३० लाख मुलांना ही औषधं मिळाली.

लशीबद्दल आपल्याकडे जास्त ऐकू येतं, कारण त्यातली एक पुण्यात बनते. ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी तयार केलेली आणि सीरम इन्स्टिट्यूटमध्ये उत्पादन होणारी आर२१ ही लस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्य केली, आणि जुलै २०२४ मध्ये कोत दिव्वारमध्ये मुलांना द्यायला सुरुवात झाली. त्याआधी २०२१ मध्ये आरटीएस,एस ही पहिली लस मान्य झाली होती. बुर्किना फासो आणि मालीत झालेल्या एका मोठ्या प्रयोगात ती लस पावसाळ्याच्या तोंडावर देऊन वर मासिक गोळ्याही दिल्या, तेव्हा कोणत्याही एकाच उपायाच्या तुलनेत हिवतापाचे गंभीर रुग्ण आणि मृत्यू सुमारे दोन-तृतीयांशाने घटले. हंगाम ओळखून लस देण्याची ही कल्पनाही गाम्बियातल्या अनुभवातूनच आलेली, आणि त्या चमूतही ग्रीनवुड होते. पण या लशी आहेत बाळांसाठी, पाच महिन्यांच्या पुढच्या. आईच्या वारेतल्या जंतूसाठी अजून तयार लस नाही. वारेला चिकटणाऱ्या त्याच एका प्रथिनावर बेतलेल्या दोन लशींच्या पहिल्या टप्प्याच्या चाचण्या युरोपात आणि बुर्किना फासो व बेनिनमध्ये झाल्या आहेत. मुलगी पहिल्यांदा गरोदर राहण्याआधीच तिच्या रक्तात ती प्रतिद्रव्यं असावीत, हा त्यामागचा हेतू. पहिल्या बाळावरचा भार उतरवायचा हाच खरा मार्ग आहे, आणि त्यावर जितका पैसा लागायला हवा तितका लागलेला नाही असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांच्यासाठी ही लस आहे त्या बाया विकत घेऊ शकणाऱ्यांपैकी नाहीत.

लस येईपर्यंत गोळी पोचवण्याचं काम आहेच. गाम्बियात ग्रीनवुड यांच्याबरोबर काम केलेल्या डॉ. क्लारा मेनेंदेझ यांनी पुढे मोझांबिकमधल्या मानिसा इथे संशोधन केंद्र उभारण्यात वाटा उचलला आणि गरोदर बायांचा हिवताप हाच आपला विषय मानला. २०१७ ते २०२२ या काळात काँगो लोकशाही प्रजासत्ताक, मादागास्कर, मोझांबिक आणि नायजेरिया या चार देशांतल्या काही जिल्ह्यांत एसपीच्या गोळ्या गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांमार्फत घरी नेऊन दिल्या गेल्या. बाया मग तपासणीला केंद्रात येणंच बंद करतील, असा आक्षेप होता. तसं झालं नाही. केंद्रातल्या भेटी टिकून राहिल्या आणि तीन डोस पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण लक्षणीय वाढलं. आता जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही गावातल्या कार्यकर्त्यांमार्फत ही गोळी देण्याला जागा मिळाली आहे. फराफेनीच्या सुईणींनी हे १९८० च्या दशकात करून दाखवलं होतं. मधे तीस वर्षं गेली, आणि त्या तीस वर्षांत जन्मलेल्या पहिल्या बाळांची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.